मागून येणारं उत्तर

आधीच स्पष्ट लिहिते. मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवला. ज्या गोष्टीचं कारण देता येत नाही ती फळ्यावर लिहायची नाही, हा माझा नियम. सासूबाई दाराला लिंबू-मिरची टांगायच्या. त्या देवळात गेल्या की मी लिंबू वरणात पिळायचे आणि मिरच्या फोडणीत टाकायचे. माझ्या मुलाला, प्रशांतला, लहानपणी तीटसुद्धा लावली नाही. तेव्हा पुढचं वाचून म्हातारीची बुद्धी हलली असं कोणी समजू नये. औषधाच्या गोळ्या मी अजून स्वतः वारानुसार लावून ठेवते.

नीलनं मला या ग्रुपचा पत्ता दिला. म्हणाला, "आजी, इथे लोक असंच लिहितात, तूही लिही." म्हणून लिहिते आहे. गार्गी, नील, हे तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, आणि कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा... मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.

लिहिण्याचं कारण गार्गी. गेल्या महिन्यात तिचा कॅलगरीहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग ती एकदम म्हणाली, "आजी, एक बात पूछूँ? आजोबा मेरी वजह से गए क्या?" मी म्हटलं, वेडी आहेस का. तिनं पुढे काही सांगितलं. मी आवाज नीट येत नाही असं म्हणून फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

तर आता क्रमानं.

छत्तीसगड राज्य नवीन झालं होतं आणि रायपूर राजधानी. रोज कुठे ना कुठे नव्या ऑफिसची पाटी लागायची, ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गल्लीतसुद्धा पिवळ्या दिव्याची गाडी अडकून पडायची. तुमचे आजोबा रेल्वेत गार्ड होते, धमतरीच्या छोट्या लाइनवर. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. पण गार्ड निवृत्त होतो तो कागदावर. खिशातली वही सुटली नाही. भाजी आणायला गेले तरी लिहायचे — सुटलो ८.१०, मंडई ८.२५. आणि शिटी सुटली नाही.

ही शिटीची गोष्ट परक्यांना सांगायला हवी. गाडीत इंजिन पुढे आणि गार्डाचा डबा सगळ्यांत मागे. पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून दोघं एकमेकांना खुणा करून सगळं ठीक असल्याचं कळवतात. आमच्या घरात कुठेही चालत जायचं तर हाच नियम होता. मी पुढे, हे मागे, मुलंबाळं मध्ये. दर दहा मिनिटांनी मी घड्याळ पाहून एक लांब शिटी द्यायची, म्हणजे सगळं ठीक आहे का? मागून दोन आखूड आल्या की ठीक. उत्तर आलं नाही तर जागच्या जागी थांबायचं आणि परत फिरायचं. उत्तर आलं तर मागे वळून पाहायचं नाही, चालत राहायचं. यावर ते फार कडक होते. "इंजिन मागं पाहत बसलं तर गाडी चालवन कोण?" म्हणायचे. आणि एक घरगुती खूण होती. तीन आखूड म्हणजे चहा. त्याला उत्तरही तीन.

माझी शिटी शाळेतल्या पीटीची, चिरकी. त्यांची रेल्वेतली जुनी पितळी. आतला मणी झिजलेला, त्यामुळे आवाज जरा घोगरा, शेवटी खरखरणारा. पन्नास शिट्यांत मी ती ओळखली असती.

धमतरीच्या पुढे, दुगलीच्या बाजूला सालाचं जंगल आहे. तिथे इंग्रजांच्या काळात लाकूड आणायला छोटी लाइन गेलेली होती. पुढे कधीतरी रूळ उखडून नेले. पण आत जंगलात एक सिग्नल तसाच उभा राहिला आहे, असं यांना कोण्या जुन्या गँगमननं सांगितलं होतं. रूळ नाही, स्टेशन नाही, झाडांमध्ये नुसता सिग्नल. यांनी नोकरीभर ते मनात धरून ठेवलं होतं. त्या हिवाळ्यात, संक्रांत होऊन गेल्यावर, प्रशांतनं एका रविवारी जीप ठरवली. आम्ही दोघं, प्रशांत, सून स्मिता, त्यांची मुलं नऊ वर्षांचा नील आणि पाच वर्षांची गार्गी. शिवाय जीपचा ड्रायव्हर.

गावात जीप लावली. मोहाच्या झाडाखाली सुकवारो नावाची बाई पत्रावळी टाचत बसली होती. रस्ता विचारला तर ती म्हणाली, "सोझे चल दव दीदी, रद्दा सिंगल तक जाथे." म्हणजे सरळ चालत जा, वाट सिग्नलपर्यंत जाते. जेमतेम दोन किलोमीटर, तेही सपाट. जुन्या लाइनचा भराव तसाच होता, त्यावरून पायवाट गेलेली. हे खूश. "रेल्वेचा रस्ता हाय, चढ लागूच शकत नाही. स्मिता, तुझे सँडल पण चालतात."

सिग्नल खरंच होता. जाळीदार लोखंडी खांब, बाजूला शिडी, वर गंजलेला हात आडवा. दोन बाजूंनी साल इतके वाढलेले, की खांबही आधी झाडच वाटला. नील म्हणाला, "आजोबा, इसको नीचे करो ना."

"तार तुटली हाय बापा. तारेबिना सिग्नल अन् बायकोबिना गार्ड, दोघंही जागच्या जागी."

"बाबा, वर नका चढू हं," स्मिता म्हणाली.

"मी का पोट्टा आहो? खालूनच पाहून राहिलो."

आम्ही सतरंजी घातली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेव. यांनी एकच पुरी खाल्ली आणि डावा खांदा चोळला. मी म्हटलं, "काहून, काय झालं?" म्हणाले, "झोऱ्याचा पट्टा लागला." मी ऐकून घेतलं. डबे मोजून पिशवीत भरत होते ना मी... झाकणं जुळवत होते.

बारा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा आम्ही निघालो. खांबावर ओतीव अक्षरांची पाटी होती, तिचा नंबर त्यांना वहीत उतरवायचा होता. "तू हो समोर. मी एवढं लिहून घेतो अन् येतो. गार्डाचा डब्बा मागंच असते." वळणाआधी मी एकदा पाहिलं. ते आमच्याकडे पाठ करून उभे होते, एक हात शिडीवर. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

गार्गीचा हात माझ्या हातात होता. तिचा दुसरा हात स्वेटरच्या खिशात होता. थंडी असेल म्हणून मी काही बोलले नाही.

बारा वीसला मी लांब शिटी दिली. मागून दोन आखूड आल्या. घोगऱ्या, शेवटी खरखर. नील म्हणाला, "आजोबा ऑन ड्यूटी." आम्ही सगळे हसलो. बारा तीसला पुन्हा तेच. बारा चाळीसला उत्तर इतकं जवळून आलं की प्रशांत म्हणाला, "बाबा तर एकदम मागेच आहेत, चांगलं चालून राहिले." गार्गी तोवर पेंगायला लागली होती, त्यानं तिला खांद्यावर घेतलं. मला वळून पाहावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण नियम नियम असतो, आणि उत्तर बरोबर आलेलं होतं. मी शाळेतही कधी कोणाला रांग मोडू दिली नव्हती.

बारा पन्नासलाही उत्तर आलं, आणि एकाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही गावात पोचलो. मी थर्मास उघडला, कप मांडले आणि बरोबर एक वाजता तीन आखूड शिट्या दिल्या. चहा.

मोहाच्या झाडापलीकडे वाट वळते. त्या वळणावरून, पन्नास पावलांवरून, तीन आखूड आल्या.

"आले," मी म्हटलं आणि त्यांचा कप भरला. त्यांना बशीत ओतून लागायचा, म्हणून बशी खाली ठेवली. दोन मिनिटं गेली. पाच गेली. प्रशांत म्हणाला, "बाबा तिकडे कोणाशी गप्पा मारत असतील." सुकवारो पत्रावळी टाचत होती, तीही वळणाकडे पाहत होती, कारण शिटी तिनंही ऐकली होती. चहावर साय आली. सव्वा वाजता प्रशांत वळणापर्यंत गेला आणि तिथूनच ओरडला, "आई, इथे कोणी नाही."

मग तो आणि ड्रायव्हर भरावावरून धावत गेले. मी मागे निघाले तर स्मितानं धरून ठेवलं. ते सिग्नलखाली सापडले. खांबाला पाठ टेकून बसलेले, चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. अंग अजून गरम होतं. दोघांनी उचलून आणलं, जीपमध्ये घातलं. धमतरीच्या डॉक्टरनं तपासलं, प्रशांतला बाजूला घेऊन सांगितलं. पण मी मागेच उभी होते. "हार्ट अटैक है. पर एकदम से नहीं गए. घंटा-आधा घंटा पहले ले आते तो..." वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही. मी ते बावीस वर्षं पूर्ण करते आहे.

प्रशांतनं त्याचा हिशोब लावून टाकला. पहिल्या शिट्या बाबांच्या, मग ते परत सिग्नलकडे वळले असतील, आणि शेवटची शिटी पक्ष्याची. सालाच्या जंगलात तो लांब दोन पिसांचा कोतवाल असतो, भृंगराज. तो दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो. हे खरं आहे, मी पुस्तकात पाहिलं. त्याला याचा आधार वाटला आणि मी तो काढून घेतला नाही. आता काढून घेते आहे, प्रशांत. मला माफ कर.

त्या दिवशी रायपूरला परत आल्यावर घरात माणसं भरली होती. कोणीतरी गार्गीला माझ्या खोलीत झोपवलं होतं. मी तिचा स्वेटर काढून घडी घालायला घेतला — त्या वेळीही मी घडी घालत होते — आणि खिशातून यांची पितळी शिटी खाली पडली.

गार्गी, तू फोनवर हेच सांगत होतीस. "आजी, सीटी मेरे पास थी. आजोबा ने खेलने को दी थी, बोले थे गाड़ी छूटने से पहले लौटा देना. मैंने नहीं लौटाई." तू म्हणालीस, मागून शिटी ऐकू आली तेव्हा तुला वाटलं आजोबांकडे दुसरी असेल. मोठी झाल्यावर वाटायला लागलं, त्यांना मदतीला बोलावता आलं नाही ते तुझ्यामुळे. पाच वर्षांच्या मुलीनं हे धरून ठेवलं आणि कॅनडापर्यंत नेलं. आणि मला वाटत होतं तुला काही आठवत नाही, म्हणून मीही गप्प. एका घरात दोघी एकच गोष्ट लपवत राहिलो.

त्यांच्याकडे दुसरी शिटी नव्हती. आठ महिन्यांनी मी प्रशांतबरोबर तिथे परत गेले, जमिनीवरचं पान न् पान उलटून पाहिलं. सिग्नलखाली उभी राहून माझी शिटी दिली. पुन्हा दिली. कसलंच उत्तर आलं नाही, कोतवालाचंही नाही. सुकवारोला विचारलं, इथे काही आहे का, कोणी काही सांगतं का? ती म्हणाली, "कुछु नई हे दीदी. हमन तो उहें बइठ के बासी खाथन." कुठली जुनी कथा नाही, कोणाचा मृत्यू नाही, शेंदूर फासलेला दगड नाही. तिथे बसून लोक भात खातात.

आता गार्गी, नीट वाच. मी शिक्षिका आहे, मी तुला हे पायरीपायरीनं दाखवते. शिटी तुझ्या खिशात होती, म्हणजे मागून काहीच यायला नको होतं. बारा वीसला मी शिटी दिली असती आणि जंगल गप्प राहिलं असतं. गप्प राहिलं असतं तर मी तिथल्या तिथे परत फिरले असते, कारण नियमच तसा होता. दहा मिनिटांत त्यांच्यापाशी असते. डॉक्टर म्हणाला त्या वेळेच्या कितीतरी आधी आम्ही धमतरीत असतो. तू शिटी ठेवून घेतलीस म्हणून ते वाचणार होते, बेटा. तुझ्या हातून चूक झालीच नाही. त्यांना नेलं ते उत्तरानं. आणि त्या उत्तरावर विश्वास मी ठेवला.

काही नातेवाईक म्हणाले, त्यांनीच तुम्हाला पुढे पाठवलं असेल, पोरांनी पाहू नये म्हणून. जाताना माणूस अशी खूण देतो. ऐकायला बरं वाटतं. पण डॉक्टरचं म्हणणं मी ऐकलं होतं, आणि माझ्याकडे वही आहे. त्या शिट्या येत होत्या तेव्हा ते जिवंत होते. जिवंत माणसाचं भूत होत नाही. मग आमच्या मागे कोण चालत होतं, त्यांच्या आवाजात कोण बोलत होतं, आणि आम्हाला त्यांच्यापासून दूर नेऊन कोणाला काय मिळालं? मला माहीत नाही. मी देवाला मानत नाही, म्हणून त्यालाही विचारता येत नाही. विचारायला कोणीच नाही, हे सगळ्यांत कठीण आहे. रोज सकाळी मी घड्याळाला किल्ली देते, वर्तमानपत्राची घडी घालते, आणि मनात दिवसातून किती वेळा तरी बारा वीस वाजतात. मी वळून पाहत नाही. दर वेळी पाहत नाही.

वही इस्पितळातून मिळालेल्या पिशवीत होती. मी ती कोणाला दाखवली नाही. प्रशांत त्या दिवशी चार किलोमीटर धावला होता, अर्धे वडलांना उचलून. त्याला हे वाचायला लावायचं धाडस झालं नाही. शिटी आणि वही एकाच डब्यात आहेत. माझ्यानंतर कोणी तरी उघडेलच, त्यापेक्षा मीच उतरवून देते. अक्षर आधी त्यांचं नेहमीचं आहे, गार्डाचं, सरळ. मग वाकडं होत जातं.

११.२० सिग्नल. पोचलो.

१२.१० गाडी सुटली.

१२.१४ छातीत कळ. बसलो.

१२.१६ शिटी गार्गीपाशी राहिली. राहू दे.

१२.२० पुढून शिटी. उत्तर गेलं. मी दिलं नाही.

१२.३० पुढून शिटी. उत्तर गेलं. इथूनच कुठून तरी.

१२.४० पुढून शिटी. उत्तर बरोबर जाऊन राहिलं. आता हे लोक थांबत नाहीत.

यानंतर वीस मिनिटं काही नाही, बारा पन्नासचंही नाही. मग एक वाजताची नोंद आहे. मी चहाची शिटी दिली तेव्हा मी दोन किलोमीटर लांब होते, आणि मध्ये सगळं जंगल होतं. तिथे ती ऐकू जायला नको होती. त्यांना ऐकू गेली. त्या वहीत त्यांनी उभ्या जन्मात वेळ, जागा आणि गाडी याशिवाय काही लिहिलं नव्हतं, कोणाला उद्देशून तर कधीच नाही. या एका ओळीत माझं नाव आहे.

१.०० पुढून तीन. उत्तर तीन. मंदा, हे मी नाही देऊन राहिलो.